टिकलीकडे बघ

"बाळाचं नाव?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"रूपाली."

"वय?"

"बेचाळीस."

तिने मान वर केली आणि मला ऐकू कमी येतं असं समजून सावकाश म्हणाली, "मॅडम, बाळाचं वय."

बाळ मीच आहे, असं मी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन आया एकमेकींकडे बघून हसल्या. भिंतीवर उंची मोजायचा जिराफ होता. खुर्च्या इतक्या बुटक्या की बसल्यावर गुडघे हनुवटीला लागत होते. ठाण्यातल्या त्या केंद्रात ऑटिझमची तपासणी होते असं कळल्यामुळे मी डोंबिवलीहून तिथवर आले होते. मुलीने आत जाऊन विचारलं, परत आली आणि म्हणाली की आम्ही फक्त मुलांचं करतो. मग ही मुलं मोठी झाली की कुठे जातात, असं मी विचारलं. ती खरंच विचारात पडली. "ते सरांना विचारावं लागेल," म्हणाली.

हे लिहायला बसलेय ते माझ्यासारख्याच एखाद्या बाईसाठी किंवा पुरुषासाठी, जी माणसं चाळिशीत अशा बुटक्या खुर्चीवर जाऊन बसणार आहेत. त्यांचा त्रास मी कमी करू शकत नाही. पण कुठे कुठे डोकं फिरणार आहे हे आधी माहीत असलेलं बरं.

काचेची लॅब

मी कोलशेतला एका रंगाच्या कंपनीत शेड मॅचिंग करते. ग्राहक एक तुकडा आणून देतो, त्याच रंगाचा डबा आपल्याला बनवायचा असतो. नुसतं बघून मी सांगते की यात पिवळा किंचित जास्त झालाय, काळ्याचा एक थेंब कमी पडलाय. मशीन नंतर तेच सांगतं. ही कला म्हणा नाहीतर खोड म्हणा, मला लहानपणापासून आहे.

पूर्वी आमची लॅब मागच्या बाजूला होती. छोटी खोली, उत्तरेची खिडकी, मी आणि माझे तुकडे. मग साहेब लोकांच्या मनात आलं की सगळ्यांनी एकत्र बसलं तर काम छान होतं. काचेचा मोठा हॉल बांधला. तिथे एसीची घरघर, ट्यूबलाइटची थरथर, शेजारी मिक्सर, कुणाचा तरी वाढदिवस आणि कुणाच्या तरी डब्यातला बोंबील. बाकीच्यांना आठवडाभर त्रास झाला आणि सवय झाली. मला सवय झालीच नाही. आधी माझ्या शेड चुकायला लागल्या, आणि मग एका मीटिंगमध्ये चारजण एकदम बोलत असताना मला प्रश्न विचारला गेला आणि तोंडातून शब्दच फुटेना. मी उठून सँपलच्या स्टोअरमध्ये गेले आणि ड्रमांच्या मध्ये जमिनीवर बसून राहिले. लोक दारात येऊन हाका मारत होते, मला सगळं ऐकू येत होतं, उत्तर देता येत नव्हतं. शेवटी संदीपला, माझ्या नवऱ्याला, बोलावून घ्यावं लागलं.

त्यानंतर मी रजेवर. नात्यातल्या प्रत्येकाकडे निदान तयार होतं. थायरॉईड तपासून घे, पाळी जायची वेळ आली असेल, बी-ट्वेल्व्ह बघ. सगळं बघितलं आणि सगळं ठीक निघालं.

आमची अन्वी बारावीला आहे आणि तिला सायकॉलॉजी विषय आहे. एकदा जेवताना ती हळूच म्हणाली, "आई, तू ऑटिस्टिक तर नाहीस ना?"

"आता एवढंच राहिलं होतं," संदीप म्हणाला. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक मुलगा आहे, तो बोलत नाही, जिन्यात गोल फिरत राहतो. संदीपच्या डोक्यात ऑटिझम म्हणजे तो मुलगा. तू तर बोलतेस, नोकरी करतेस, माझ्याशी भांडतेससुद्धा, असं त्याचं म्हणणं. मीही तेव्हा अन्वीवरच वैतागले. पण ती काय वाचून बोलतेय म्हणून मी वाचायला घेतलं, आणि दोन पानांतच पुस्तक मिटून ठेवावं लागलं. मी प्रत्येक ब्लाउजचं लेबल कापून का टाकते, लग्नाला जायच्या आधी न्हाणीघरात उभी राहून कोणाशी काय बोलायचं याची तालीम का करते, फोन वाजला की तो थांबेपर्यंत त्याच्याकडे नुसती बघत का राहते, हे सगळं कोणीतरी माझी परवानगी न घेता छापलं होतं.

डोळ्यात बघून बोलता

डोंबिवली पूर्वेला एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मोठं नाव, मोठी रांग. माझा नंबर लागल्यावर त्यांनी विचारलं, लग्न झालंय? मूल आहे? नोकरी? सगळ्याला हो म्हटल्यावर ते हसले.

"मग कसला ऑटिझम. आणि तुम्ही तर छान डोळ्यात बघून बोलताय."

मी त्यांच्या डोळ्यात बघत नव्हते. मी त्यांच्या चष्म्याच्या मधल्या पट्टीकडे बघत होते.

ही माझ्या आईची युक्ती. लहानपणी मी कोणाकडे बघून बोलत नसे. तिने मला शिकवलं की बाईमाणूस असेल तर टिकलीकडे बघ, समोरच्याला वाटतं तू डोळ्यातच बघतेयस. पुरुष असेल तर चष्मा, मिशी, जे सापडेल ते. पस्तीस वर्षं मी हेच करतेय. आमच्या लॅबमधल्या निम्म्या मुली टिकली लावत नाहीत, त्यांच्यासाठी मी भुवयांच्या मधली जागा पक्की केलीय. आणि आता युक्ती इतकी छान जमली म्हणून मी परीक्षेत नापास झाले होते.

हे मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण ते लिहायला लागले होते, आणि समोरचा लिहीत असताना मधे बोलायचं की थांबायचं हे मला कधीच कळत नाही. त्यांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या आणि मोबाईल कमी बघा म्हणाले. गोळ्यांना माझा विरोध नाही, माझ्या एका मैत्रिणीला अशाच गोळ्यांनी अक्षरशः उभं केलंय. मला मात्र फक्त झोप येत राहिली, आणि जागी झाले की तोच त्रास जागच्या जागी असायचा.

घरी आल्यावर संदीप म्हणाला, चला, म्हणजे नाहीये ना. त्याला बरं वाटलं होतं. मला त्याच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटलं. मला ऑटिझम असावा अशी माझी हौस नव्हती. पण परत त्या काचेच्या हॉलमध्ये जायचं की नोकरी सोडायची हे ठरवायचं होतं, आणि त्यासाठी मी आळशी आहे, नाजूक आहे, नाटकी आहे की आणखी काही, हे मला एकदा नीट कळायला हवं होतं.

लाइट चालेल का

अन्वीच्या कॉलेजातल्या बाईंनी परेरा मॅडमचं नाव सुचवलं. त्या वसईच्या, ठाण्याला नौपाड्यात बसतात आणि मोठ्यांचीही तपासणी करतात. नंबर लागायला बराच वेळ गेला. शेवटी मी आत जाऊन बसले, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "वरचा लाइट चालेल का, की बंद करू?"

मला रडायलाच आलं. बेचाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. एका बटणासाठी आपण रडतोय याचाही राग आला.

मग तीन-चार वेळा जावं लागलं. परेरा मॅडमनी एक चित्रांचं पुस्तक दिलं आणि त्यावरून गोष्ट सांगा म्हणाल्या. मी पानं उलटली आणि सांगितलं की पहिल्या पानावरचं दार आणि शेवटच्या पानावरचं दार एकच असेल तर छपाईत गडबड आहे, हिरवा बदललाय. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मैत्रीण म्हणजे काय, असं विचारलं. मी खूप वेळ विचार केला आणि म्हटलं, जिच्यासोबत असताना पुढचं वाक्य आधी जुळवावं लागत नाही ती. अशी कोण आहे, म्हणाल्या. या प्रश्नाला मी आणखी जास्त वेळ घेतला.

शेवटी त्या म्हणाल्या की आत्ताचं चित्र पुरेसं नाही. खूप थकलेलं, खचलेलं माणूसही असंच वागू शकतं. हे लहानपणापासून आहे का, ते बघावं लागतं. तुमचं तीन-चार वर्षांचं वय ज्यांना आठवतंय असं कोणी आहे का?

बाबा गेले. मोठं कोणी राहिलं नाही. मला तेव्हा पाहिलेलं आणि आजही बोलू शकणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे आई.

मोहने

आई मोहन्याला एकटी राहते. बाबा तिथल्या रेयॉन कंपनीत होते. कंपनी बंद पडली, क्वार्टर सुटलं, तरी आईने मोहने सोडलं नाही. तिथेच दोन खोल्या घेतल्या.

मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे मेथी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "तुला काही झालेलं नाही."

मी परत सांगितलं. मग तिने विचारलं, हे सगळं कागदावर लिहिणार का. हो म्हटल्यावर तिने मेथी बाजूला ठेवली. उद्या अन्वीला स्थळं येतील, तेव्हा कोणी विचारलं की आईच्या बाजूला काय आहे, तर काय सांगणार? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अन्वी सतरा वर्षांची आहे. तिला स्थळं यायची तेव्हा येतील, येणारही नाहीत, ती स्वतःच कोणाला तरी घेऊन येईल. मला आत्ता कामावर जाता येत नाहीये.

पुढचे कितीतरी रविवार मी हेच बोलत होते. आईकडे कारणांचा तुटवडा नव्हता. गुडघे दुखतात, एकादशी आहे, वेड्यांच्या डॉक्टरकडे या वयात कशाला. एकदा तर म्हणाली, तुझं लहानपण मला आठवतच नाही. पंचावन्न वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात कोणाला मान दिला नाही हे जिला आठवतं, ती हे म्हणत होती.

मग एका रविवारी संदीप सोबत आला. चहा झाला, आणि त्याने कप खाली ठेवून एवढंच म्हटलं, "आई, रूपालीला खरंच त्रास होतोय. तुम्ही आलात तर काहीतरी कळेल."

"बरं, येते," आई म्हणाली.

संपलं. मी इतके दिवस घसा कोरडा केला त्याला किंमत नाही, आणि जावयाने एक वाक्य टाकलं की ही तयार. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो ना. घरी परतताना मी संदीपचे आभार मानले ते दात-ओठ खाऊनच. तो बिचारा म्हणाला, मला तू ड्रमांच्या मध्ये बसलेली दिसत राहतेस गं.

कार्यक्रम

ठरल्या दिवशी आम्ही गाडी घेऊन आईला आणायला गेलो. ती दारातच उभी होती. लग्नकार्याची जांभळी साडी, बाबा गेल्यापासून कधी न माळलेला गजरा, हातात स्टीलचा डबा आणि खांद्याला पिशवी. पिशवीत काय आहे म्हणून मी बघितलं, तर माझं चौथीच्या स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र आणि मी नववीत केलेला क्रोशाचा रुमाल.

कल्याणात दुर्गाडीच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा तिने मागच्या सीटवरून सूचना द्यायला सुरुवात केली. जास्त बोलू नकोस. विचारलं तेवढंच सांग. हात मांडीवर ठेव, बोटं चोळत बसू नकोस. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई मला तपासायला नेत नव्हती. दाखवायला नेत होती.

असा कार्यक्रम आम्ही आधी केलेला आहे. माझ्या लग्नाच्या वेळी आईने आठवडाभर तालीम घेतली होती. ती कॉटवर मुलाची आई होऊन बसायची आणि मी पोह्यांची रिकामी ताटली घेऊन यायची. टिकलीकडे बघ, मग खाली बघ, परत टिकलीकडे बघ. कोणी हसलं की तूही हस, पण त्यांचं थांबलं की तूही थांब. प्रत्यक्षात संदीपला ना चष्मा होता ना मिशी. मी सगळा वेळ त्याच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिले. मुलगी लाजाळू आहे असं त्यांच्याकडून कळलं, आणि लग्न ठरलं.

परेरा मॅडमच्या खोलीत पोचल्यावर आईने डबा पुढे केला. "रव्याचे लाडू. रूपालीनेच केलेत."

"मी नाही केले," मी म्हटलं. टेबलाखाली आईने मला चिमटा काढला.

मॅडमनी विचारायला सुरुवात केली. बोलायला कधी लागली? वेळेवर. हाक मारली की बघायची? हो, लगेच. मैत्रिणी होत्या? खूप. कोण कोण? सगळ्याच. हट्ट, रडारड? छे, अगदी गुणी. खाण्यापिण्याचं? पानात पडेल ते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी मला हातानेच थांबवलं. मग ऐकत बसण्याशिवाय इलाज नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत माझी आई माझं सगळं लहानपण धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवत होती. रुमालही दाखवून झाला. मला दिसत होतं की आता काहीच सिद्ध होणार नाही. मॅडम म्हणणार, लहानपणी तर काहीच नव्हतं, आणि मी त्या गोळ्या घेऊन काचेच्या हॉलमध्ये परत जाणार.

पण काहीतरी बिनसलं होतं. आईची वाक्यं अर्ध्यात तुटायला लागली. ती खिडकीकडे बघायची, मग पंख्याकडे, मग मॅडमच्या गळ्यातल्या बारीक क्रुसाकडे, परत खिडकीकडे. पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून तिने दोरी केली होती. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, आई, काही त्रास होतोय का, पाणी हवंय का.

आईने बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग म्हणाली, "मॅडम, रागावू नका. तुम्ही टिकली लावत नाही ना. माझी नजर ठरत नाही. आणि नजर ठरली नाही की मला बोलायलाच सुचत नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पस्तीस वर्षं मी समजत होते की ती युक्ती तिने माझ्यासाठी काढली होती.

मॅडम हसल्या नाहीत. त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे आहे का एखादी?"

आईने पिशवीच्या कप्प्यातून मरून टिकल्यांचं पाकीट काढलं. बाबा गेल्यावरही तिने टिकली सोडली नव्हती. मॅडमनी त्यातली एक घेतली आणि आरशाशिवायच कपाळावर लावली. आई म्हणाली, जराशी डावीकडे. मॅडमनी ती डावीकडे सरकवली. मग आई खुर्चीत नीट बसली, त्या मरून ठिपक्याकडे बघितलं आणि बोलायला लागली.

ही चौथं वर्ष लागेपर्यंत बोलली नाही मॅडम. मग बोलली ती एकदम रेडिओवरच्या बाईसारखी, बातम्या दिल्यासारखी. कंपनीचा भोंगा व्हायच्या आधीच कानांवर हात ठेवून कॉटखाली जाऊन बसायची, भोंगा संपला तरी बाहेर यायची नाही. भाताला वरण लागलं तर ताट तसंच टाकून उठायची, म्हणून मी वाटीत वेगळं द्यायला लागले. हिचे बाबा कंपनीतून टाकाऊ धाग्याच्या बॉबिन आणायचे, त्या दिवसभर रंगाप्रमाणे लावत बसायची. कोणी एक हलवली की आकाशपाताळ एक करायची. शाळेत मुली चिडवायच्या तेव्हा मी हिला आरशासमोर उभी करून शिकवलं, कधी हसायचं, किती हसायचं. लोकांकडे कसं बघायचं. समोरचा कंटाळला की कसा दिसतो. फार वेळ लागला. पण लग्नाच्या आत सगळं व्हायला हवं होतं ना.

आणि मग तिने अगदी सरळपणे विचारलं, "सगळ्यांनाच मुलांना हे शिकवावं लागतं ना?"

"सगळ्यांना नाही लागत, आई," परेरा मॅडम म्हणाल्या.

आईने मान हलवली आणि रुमालाची घडी घालायला घेतली. ती घडी तिने खूप वेळ घातली.

हो

काही आठवड्यांनी मॅडमनी सांगितलं, हो, ऑटिझम आहे, लहानपणापासून आहे. लोक लिहितात की हे ऐकल्यावर मोकळं मोकळं वाटतं. मला आधी राग आला. कोणावर ते ठरत नव्हतं, म्हणून सगळ्यांवर आला. मग घरी जाऊन मी झोपले, आणि तशी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

पुढचं सगळं पुन्हा वैतागच. संदीपची एक मावशी म्हणाली, यावर औषध काय? औषध नाही, हा आजार नाही, मी अशीच आहे, असं मी सांगितलं. मग शोधलंत कशाला, ती म्हणाली. कंपनीत एचआरच्या मुलीने चकित होऊन सांगितलं की तुम्ही तर अगदी नॉर्मल दिसता, आणि तिला ते कौतुक वाटत होतं. बऱ्याच मेल आणि मीटिंगा झाल्यावर माझी मागची खोली मला परत मिळाली. मधल्या काळात तिथे दिवाळीच्या गिफ्टचे खोके भरून ठेवले होते, ते मीच उचलले. बाकीच्यांसारखं बसायला काय होतं, असं अजूनही कोणीतरी चहाच्या वेळी म्हणतं. मी त्यांच्या भुवयांच्या मधे बघते आणि माझा कप घेऊन खोलीत जाते.

संदीप मात्र आता मिक्सर लावण्याआधी दारात येऊन विचारतो, लावू का. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहिले, पण हसत.

डबा

रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा आईही सोबत आली होती. रिपोर्टसाठी नाही. लाडवांचा डबा मॅडमकडे राहिला होता आणि स्टीलचा डबा असा सोडून देणं तिला शक्य नव्हतं. मॅडमनी डबा रिकामा दिला नाही, वसईची सुकेळी भरून दिली. देताना आईला त्यांनी अगदी मृदूपणे विचारलं, तुम्हाला स्वतःसाठी कधी माझ्याशी बोलावंसं वाटलं तर याल का. आई म्हणाली, "आता माझं काय तपासता. माझं सगळं निभावून झालं."

तिथून आम्ही तलावपाळीला जाऊन बसलो. तिचे गुडघे दुखत होते. डबा मधे ठेवून आम्ही वाळवलेली केळी चघळत होतो. समोर पायडलच्या बोटी चालल्या होत्या.

"म्हणजे माझ्यामुळे झालं का तुला?" तिने विचारलं.

हे असलं काही बोलू नकोस म्हणून मी फिसकारले. नंतर वाटलं, इतके महिने मी तिच्यावर चिडतेय, मग माझ्या मनात तरी दुसरं काय होतं. जरा वेळाने मी विचारलं, टिकलीचं तुला कोणी शिकवलं होतं?

ती पाण्याकडे बघत बोलली. लग्न होऊन मोहन्याला आली तेव्हा सगळे तिला शिष्ट म्हणायचे, कारण ती कोणाकडे बघून बोलत नसे. माझी आजी, म्हणजे तिची सासू, यावरून रोज बोलायची. आजी मोठं कुंकू लावायची, रुपयाएवढं. एक दिवस चुकून त्या कुंकवाकडे बघत ही बोलली, आणि त्या दिवशी सासू रागावली नाही. दुसऱ्या दिवशी करून बघितलं, तेव्हाही रागावली नाही. मग तेच धरून ठेवलं.

"मला कोण शिकवणार," ती म्हणाली. "तुला निदान मी होते."

मी सुकेळ्याचा एक तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. ती समोर बघत होती, मीही समोर बघत होते. अंधार पडायला लागला तसं तिने डब्याचं झाकण लावलं आणि ते घट्ट बसलंय का, हे पुन्हा दाबून बघितलं.